बोर्निओच्या रानातला माकडांचा मलेरिया माणसांत कसा शिरला

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, पलीकडे गोव्यातलं सत्तरी, या पट्ट्यातल्या माणसाला "माकडताप" म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. 2015-16 च्या सुमारास हा ताप तिकडे पोचला आणि तेव्हापासून काजूचा हंगाम आला की रानात कुठे माकड मेलेलं दिसलं का ही विचारपूस सुरू होते. माझं आजोळ त्याच भागातलं, त्यामुळे मी परवा घरी "बोर्निओमध्ये माकडांचा मलेरिया माणसांना होतोय" असं म्हटलं तर मावशी लगेच म्हणाली, म्हणजे आपलाच माकडताप की. तर नाही, दोन्ही पूर्ण वेगळे आहेत. आपला माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, 1957 साली शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला, तो विषाणूमुळे होतो आणि गोचिडीतून येतो. मी सांगतोय तो मलेरिया आहे, परजीवी जंतूचा, आणि तो डासातून येतो. पण रानातला आजार गावात कसा येतो याची वाट दोन्हीकडे बरीच सारखी आहे, म्हणूनच हे नीट लिहून काढावंसं वाटलं.

आधी थोडी उजळणी. मलेरिया म्हटलं की आपल्याकडे रिपोर्टवर दोनच नावं येतात, पीव्ही किंवा पीएफ, म्हणजे व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. पुस्तकात आणखी दोन असतात, मलेरिये आणि ओव्हेल. माणसाला होणारे मलेरियाचे जंतू चार, असंच कित्येक वर्षं डॉक्टरांना शिकवलं गेलं. हे चारही एका माणसाकडून डासात आणि डासाकडून दुसऱ्या माणसात असे फिरतात, मध्ये दुसरा प्राणी लागत नाही. त्यामुळे मलेरिया संपवायचा हिशोबही सरळ होता, पेशंट शोधा, औषध द्या, डास मारा, काही वर्षं हे चिकाटीने केलं की साखळी तुटते. श्रीलंकेने हे करून दाखवलंय.

आता यात पाचवा जंतू आला, प्लाझ्मोडियम नोलेसी. हा मुळात माकडांचा. आग्नेय आशियाच्या पावसाळी जंगलात लांब शेपटीची माकडं असतात, दुसरी एक आखूड, डुकरासारख्या शेपटीची जात असते, त्यांच्या रक्तात हा फार फार पूर्वीपासून राहतोय, माणूस त्या भागात पोचायच्याही आधीपासून असं जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. त्या माकडांना त्याचा फारसा त्रास होत नाही, इतक्या काळात दोघांनी एकमेकांशी जुळवून घेतलंय. पण हाच जंतू आपल्या उत्तर भारतातल्या रीसस माकडाला टोचला तर ते माकड थोड्याच दिवसात मरतं. एकाला किरकोळ, दुसऱ्याला जीवघेणा. एकाच घराण्यातली दोन माकडं, तरी एवढा फरक, हे लक्षात ठेवा कारण पुढे माणसाच्या बाबतीतही तोच प्रश्न येतो.

नाव कुठून आलं ते सांगतो, कारण ती गोष्ट थेट भारतातली आहे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये सिंगापूरकडून आलेल्या एका माकडाच्या रक्तात वेगळाच जंतू दिसला. तिथले रॉबर्ट नोल्स आणि बिरज मोहन दास गुप्ता यांनी त्याचा अभ्यास केला आणि 1932 साली दाखवून दिलं की ते रक्त माणसाला टोचलं तर माणसालाही मलेरिया होतो. त्याच सुमारास कसौलीला सिंटन आणि मलिगन या दोघांनी बघितलं की या जंतूची वाढीची फेरी बरोब्बर 24 तासांची आहे, म्हणजे ही वेगळी जात, आणि त्यांनी तिला नोल्स यांचं नाव दिलं. दास गुप्तांचं नाव मात्र जंतूला लागलं नाही, मला ते दरवेळी खटकतं. असो. म्हणजे "माकडाचा हा मलेरिया माणसाला होऊ शकतो" हे 1932 पासून कागदावर होतं. फक्त ते सगळं सुईने टोचून. रानात, डासामार्फत, आपोआप होतं का, हे कुणी बघितलं नव्हतं.

1965 साली ते पण दिसलं. एक अमेरिकन सर्व्हेअर मलेशियाच्या पाहांग राज्यातल्या जंगलात काम करून मायदेशी परतला आणि त्याला ताप भरला. आधी रक्त बघून फाल्सिपेरम म्हटलं, नंतरच्या स्लाईडवर मलेरिये म्हटलं, आणि शेवटी त्याचं रक्त माकडांना टोचल्यावर कळलं की हा नोलेसी आहे. मग साहजिकच शोधमोहीम झाली, मलायातल्या हजाराहून जास्त लोकांचं रक्त घेऊन माकडांना टोचून बघितलं, एकातही सापडला नाही. मग सगळ्यांनी असं धरलं की ती एक अपवादात्मक केस होती, आणि विषय जवळजवळ चाळीस वर्षं बंद झाला.

आणि इथे मला हा विषय सगळ्यात जास्त धरून ठेवतो. कारण तो आजार त्या चाळीस वर्षांत कुठे गेला नव्हता.

बोर्निओ बेटाच्या मलेशियन भागात दोन राज्यं आहेत, सारावाक आणि सबाह. सारावाकमध्ये रजांग नदीच्या वरच्या अंगाला कापित नावाचं गाव आहे, आजूबाजूला इबान लोकांची वस्ती, नदीकाठी त्यांची ती लांबच लांब सामायिक घरं, एका छपराखाली वीस-तीस कुटुंबं. 1999-2000 च्या सुमारास तिथल्या मलेरियाच्या रिपोर्टमध्ये मलेरिये या जातीचे पेशंट भलतेच जास्त दिसायला लागले. आता मलेरिये म्हणजे तसा मवाळ जंतू, रक्तात थोडाच सापडतो, पुष्कळदा त्रासही होत नाही. पण कापितचे हे पेशंट मोठी माणसं होती, चांगली तापाने फणफणलेली, रक्तात जंतूंची संख्या भरपूर, दवाखान्यात ठेवावं लागत होतं. सारावाक विद्यापीठातले बलबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग यांना हे जुळेना. त्यांनी त्या रक्ताची जनुकीय टेस्ट केली, पीसीआर, कोविडमध्ये आपण सगळ्यांनी हे नाव ऐकलंच, तर मलेरियेच्या टेस्टला ते नमुने निगेटिव्ह. म्हणजे डोळ्यांना मलेरिये दिसतोय आणि जनुकं म्हणतायत की हा मलेरिये नाहीच. मग नोलेसीसाठी खास टेस्ट बनवली आणि 2000 ते 2002 या काळातले 208 मलेरिया पेशंट तपासले, त्यातले 120 नोलेसी निघाले. निम्म्याहून जास्त! 2004 साली हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि मलेरियावर काम करणाऱ्या सगळ्यांना मान वळवून तिकडे बघावं लागलं.

एवढी वर्षं चूक कशी झाली? तर तशी चूक कुणाचीच नाही. मलेरियाची स्लाईड बघणारा टेक्निशियन जंतूच्या आकारावरून जात ओळखतो. नोलेसी कोवळा असतो तेव्हा बारीक अंगठीसारखा दिसतो, हुबेहूब फाल्सिपेरम. मोठा झाला की रक्तपेशीवर आडवा पट्टा दिसतो, हुबेहूब मलेरिये. म्हणजे सकाळी घेतलेल्या रक्तात एक आणि संध्याकाळच्या रक्तात दुसरा असं वाटू शकतं. त्या सर्व्हेअरच्या बाबतीत 1965 ला हेच झालं होतं. नंतर सारावाकमधल्याच 1996 सालच्या जुन्या स्लाईड कपाटातून काढून त्यावरच्या वाळलेल्या रक्ताची टेस्ट केली तर त्यातही बहुतेक नोलेसीच निघाला, वर लेबल मलेरियेचं. म्हणजे "नवा आजार आला" असं आपण बातमीत वाचतो तेव्हा त्यात दोन गोष्टींची सरमिसळ असते, आजार खरंच वाढलाय हे एक, आणि आजार होताच पण आता आपल्याला दिसायला लागला हे दुसरं. नोलेसीच्या बाबतीत दोन्ही खरं आहे आणि कुठलं किती हे वेगळं काढणं सोपं नाही. मला तरी वाटतं की नवा आजार म्हटलं की हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे, नाहीतर आपण उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त राहतो.

तर मलेरियेचं लेबल लावल्याने काय बिघडतं, औषध तर मलेरियाचंच देणार ना? बिघडतं, आणि खूप बिघडतं, त्या 24 तासांच्या फेरीमुळे. मलेरियाचा जंतू लाल रक्तपेशीत शिरतो, आत वाढतो, त्याचे तुकडे होतात, पेशी फोडून ती पिल्लं बाहेर पडतात आणि नव्या पेशींत शिरतात. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्सला ही एक फेरी पूर्ण करायला 48 तास लागतात, मलेरियेला 72, नोलेसीला फक्त 24. नुसता हिशोबासाठी समजा की प्रत्येक फेरीला जंतू पाचपट होतात. चार दिवसांत फाल्सिपेरमच्या दोन फेऱ्या होतील, एकाचे पंचवीस. तेवढ्याच चार दिवसांत नोलेसीच्या चार फेऱ्या, एकाचे सव्वासहाशे. म्हणून मवाळ मलेरिये समजून "गोळ्या घ्या, चार दिवसांनी दाखवा" असं म्हणून घरी पाठवलेला पेशंट चार दिवसांत किडन्या बंद, श्वास घ्यायला त्रास, कावीळ, अशा अवस्थेत परत येऊ शकतो. 2008 साली बोर्निओमधल्या अशा चार मृत्यूंची तपासणी प्रसिद्ध झाली आणि हा जीवघेणा आहे हे पक्कं झालं. चांगली गोष्ट ही की औषधं त्याच्यावर उत्तम चालतात, साधं क्लोरोक्विन चालतं, आर्टेमिसिनिनच्या एकत्र गोळ्या चालतात, गंभीर झालेल्याला आर्टेसुनेटचं इंजेक्शन. लपून बसून महिन्यांनी परत उलटणं हा जो व्हायवॅक्सचा ताप असतो तो याच्यात नाही. फक्त औषधं वेळेत द्यायला हवीत. सबाहमध्ये पुढे पुढे पेशंट वाढत गेले पण लवकर निदान आणि लवकर इंजेक्शन यामुळे दगावणाऱ्यांचं प्रमाण उलट खाली आलं. दुर्गम भागातल्या छोट्या दवाखान्यांनी हे करून दाखवलंय, मला याचं खूप कौतुक वाटतं.

आता मुख्य प्रश्न, रान आणि गाव यांच्यात हे घडतं कसं.

यात तीन पात्रं आहेत, माकड, डास आणि माणूस. तिघं एकाच जागी, एकाच वेळी आले तरच जंतूला पलीकडे जायला मिळतं. हा डास आपल्या घरातल्या कूलरमध्ये किंवा शहरातल्या पाण्याच्या टाकीत होणारा नाही, तो रानातला ॲनोफिलीस आहे, सबाहमध्ये बालाबासेन्सिस नावाचा, सारावाकमध्ये लॅटेन्स नावाचा, दोघं चुलत भावंडं. त्याला सावलीतलं, जमिनीवर साचलेलं थोडंसं पाणी लागतं. झाडाखालचं डबकं, गुराच्या खुराचा खळगा, आणि लाकडाचे ट्रक गेल्यावर चिखलात उमटलेल्या टायरच्या चाकोऱ्या. ही शेवटची गोष्ट परत वाचा. जंगलात रस्ता काढला, मशिनं आणली, ट्रक फिरले की चाकोरीत पाणी साचतं, वरून उरलेल्या झाडांची सावली असते, डासासाठी आयता पाळणा तयार.

मूळ घनदाट जंगलात हा डास झाडांवरच्या माकडांना चावतो, माणूस तर तिथे फारसा नसतोच. आता जंगल तोडलं. बोर्निओत 1973 ते 2010 या काळात जंगल जवळपास 30 टक्क्यांनी कमी झालं, आधी लाकडासाठी, नंतर मोठ्या प्रमाणावर पाम तेलाच्या लागवडीसाठी. आपल्या घरात येणाऱ्या बिस्किटापासून साबणापर्यंत जे पाम तेल असतं त्याचा बराच मोठा वाटा मलेशिया आणि इंडोनेशियातून येतो, हे आपल्याला माहीत असतं पण आपण त्याचा विचार करत नाही. तर जंगल तोडलं की माकडं मरून जात नाहीत. लांब शेपटीचं माकड फार चिवट, ते रानाच्या कडेला, शेताच्या बांधाला, फळबागेत येऊन राहतं, थोड्याच तुकड्यात जास्त माकडं दाटीने राहायला लागतात. कोकणातल्या बागायतदारांना हे सांगायची गरज नाही, आपल्याकडे लाल तोंडाची माकडं नारळाच्या बागेत का उतरली याचं उत्तर पण तेच आहे. डासही मागोमाग कडेला येतो. आणि माणूस तर तिथे कामाला असतोच, लागवड करायला, झुडपं साफ करायला, रबराचा चीक काढायला.

म्हणजे खरा धोका खोल जंगलात नाही आणि उघड्या माळावरही नाही, तो रानाच्या कडेला आहे, जिथे अर्धं रान आणि अर्धी बाग अशी सरमिसळ आहे. हे नुसतं माझं म्हणणं नाही. सबाहच्या उत्तर टोकाला कुदात आणि कोटा मारुदू असे दोन जिल्हे आहेत, तिथल्या 405 गावांचे 2008 ते 2012 या काळातले मलेरियाचे आकडे आणि उपग्रहातून दिसणारं जंगल यांचा मेळ घालून बघितला गेला, आणि ज्या गावांच्या भोवती जंगल अजून बऱ्यापैकी शिल्लक होतं पण मागच्या काही वर्षांत तोड झालेली होती त्या गावांत नोलेसीचे पेशंट जास्त निघाले. त्याच भागात संशोधकांनी ड्रोन उडवून नकाशे काढले कारण तोड इतकी भराभर चालली होती की उपग्रहाचं चित्र यायच्या आत जमीन बदललेली असायची. माकडाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून कळप कुठे फिरतो ते बघितलं, आणि झाडं पडायला लागल्यावर त्या कळपाचं फिरणं बदललेलं स्पष्ट दिसलं. आणि अलीकडे आग्नेय आशियातल्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा असंही दिसलं की जिथे जंगलाचे तुकडे तुकडे झालेत तिथल्या माकडांतच या जंतूचं प्रमाण जास्त आहे. म्हणजे दाटीमुळे आधी माकडांत वाढतो, मग माणसापर्यंत येतो.

आणखी एक गोष्ट, वेळेची. कुदातच्या बाजूला बालाबासेन्सिस डास किती वाजता चावतो हे रात्र रात्र जागून मोजलं गेलंय. सगळ्यात जास्त संध्याकाळी सहा ते आठ. बाहेर, अंगणात, शेतात. आता विचार करा संध्याकाळी सहा ते आठ खेड्यातला माणूस काय करत असतो, शेतातून परतत असतो, ओढ्यावर अंघोळ, गुरं बांधणं, ओट्यावर गप्पा, पोरं अजून बाहेर. मच्छरदाणीत कोण असतो त्या वेळी? कुणीच नाही. जगभर मलेरियाच्या विरोधात सगळ्यात चाललेलं हत्यार म्हणजे औषध लावलेली मच्छरदाणी, आणि या डासापुढे ती बरीचशी निकामी ठरते कारण माणूस आत जायच्या आधीच त्याचं जेवण झालेलं असतं. पेशंट आणि निरोगी शेजारी यांची तुलना करून सबाहमध्ये जो अभ्यास झाला त्यात कुणाला जास्त धोका हेही निघालं. पंधरा वर्षांवरचे, पुरुष, शेतात किंवा मळ्यात काम करणारे, झुडपं तोडणारे, रात्री बाहेर झोपणारे, आसपास माकडं दिसली असं सांगणारे. घराच्या भिंतींवर औषध फवारलेलं असेल तर धोका कमी, हे पण दिसलं, म्हणजे फवारणी वाया नाही. आफ्रिकेत मलेरिया म्हटलं की लहान मुलं डोळ्यासमोर येतात, इथे घरातला कमावता माणूस पडतो. रोजंदारीवर जगणाऱ्या घराचे दोन आठवडे बुडतात त्याचा हिशोब कुठल्या तक्त्यात येत नाही.

मलेशियाची एक अडचण मला फार अस्वस्थ करते. त्या देशाने माणसांचा मलेरिया जिद्दीने संपवला. 2018 पासून तिथे माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या मलेरियाची स्थानिक केस शून्यावर आली, हे फार मोठं काम आहे. आणि त्याच 2018 साली नोलेसीच्या केसेस 4,000 च्या वर होत्या. म्हणजे एक दार लावलं आणि बाजूचं उघडंच. जागतिक आरोग्य संघटनेचा "मलेरियामुक्त" हा दाखला मुळात माणसांच्या चार जंतूंसाठी बनवलेला, आता हा पाचवा त्यात मोजायचा का हा वाद झाला, कारण तो मोजला तर मलेशियाला दाखला मिळणं कठीण, आणि न मोजावा तर ज्या गावात माणसं आजारी पडतायत त्यांना काय सांगायचं की तुमचा देश मलेरियामुक्त आहे? शिवाय काहींचं म्हणणं असंही आहे की जुना मलेरिया गेल्याने लोकांच्या अंगातली थोडीफार प्रतिकारशक्तीही गेली आणि त्यामुळे नोलेसीला वाट मोकळी झाली. हे पूर्ण सिद्ध झालेलं नाही, पण यात तथ्य असेल असं मला वाटतं.

माणसाकडून डासामार्फत दुसऱ्या माणसाला नोलेसी होतो का? प्रयोगशाळेत 1960 च्या दशकात ते करून दाखवलंय, म्हणजे अशक्य नाही. पण प्रत्यक्ष गावात तसं सर्रास चाललंय असा पुरावा अजून नाही, बहुतेक प्रत्येक पेशंट हा स्वतंत्रपणे माकडाकडून आलेला धरतात. हीच गोष्ट आरोग्य खात्याची कोंडी करते. पेशंट शोधून बरे केले तरी साखळी तुटत नाही कारण जंतूचं खरं घर माकडात आहे, आणि रानातल्या माकडांना गोळ्या कोण देणार? मग कुणीतरी म्हणतं की माकडं मारून टाका. मला हे ऐकूनच वाईट वाटतं, आणि त्याचा उपयोगही नाही, कळप विस्कटला की उरलेली माकडं नव्या जागी जातात आणि जंतू बरोबर नेतात. माकडं गावात आली नाहीत, आपण रान त्यांच्या पायाखालून ओढून घेतलं. आणि "आपण" म्हणताना मी त्या इबान किंवा सबाहमधल्या रुंगुस शेतकऱ्याला धरत नाहीये, त्याची दोन-चार एकरांची फिरती शेती तिथे पिढ्यानपिढ्या होती. हजारो एकर एकदम सपाट करणारे वेगळे आणि संध्याकाळी डास चावून घेणारे वेगळे.

हे फक्त बोर्निओचं नाही. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या जवळच्या अटलांटिक जंगलात 2015-16 साली मलेरियाची साथ आली, स्लाईडवर व्हायवॅक्ससारखा दिसणारा जंतू, तपासला तर तो तिथल्या हाऊलर माकडांचा प्लाझ्मोडियम सिमियम निघाला. तिथला डास तर झाडावर वाढणाऱ्या अननसाच्या कुळातल्या रोपांच्या पानांच्या पेल्यात साचलेल्या पाण्यात होतो. जंगल वेगळं, डास वेगळा, माकड वेगळं, गोष्ट तीच.

आपल्याकडे काय? लांब शेपटीचं माकड भारतात फक्त निकोबार बेटांवर आहे, आणि अंदमान-निकोबारमधल्या पेशंटच्या रक्तात नोलेसीची जनुकं सापडल्याचं 2013 साली प्रसिद्ध झालं होतं. महाराष्ट्रात नोलेसी येईल असं मी म्हणत नाही, त्याचं माकड आपल्याकडे नाही, उगाच घबराट नको. पण गडचिरोलीत मलेरियावर काम करणाऱ्या आशाताईंना विचारा, रानातला मलेरिया आणि शहरातला मलेरिया यात किती फरक असतो, तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात मुक्काम करणाऱ्याला मच्छरदाणी लावायला जागा तरी असते का. आणि दोडामार्गात डोंगर उघडे करून रबर आणि अननस लावताना मी लहानपणापासून बघत आलोय. तिथला माकडताप तेवढ्यामुळेच आला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण बोर्निओचे ते 405 गावांचे नकाशे बघताना मला तेच डोंगर दिसत होते.

बरं, आता कामाचं. बरेच मराठी लोक हल्ली सबाहला फिरायला जातात, किनाबालू चढायला, ओरांगउटान बघायला, काही जण तिकडे नोकरीला पण आहेत. जाऊ नका असं अजिबात नाही. संध्याकाळी सहानंतर रानाच्या कडेला असाल तर अंगभर कपडे, पायात मोजे, उघड्या अंगाला डास पळवणारं क्रीम, आणि बाहेर उघड्यावर झोपणं टाळा. आणि परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी बोर्निओच्या जंगलात जाऊन आलोय. आपल्याकडे मलेरियाची जी झटपट पट्टीवरची टेस्ट करतात तिला नोलेसी नीट पकडता येत नाही, निगेटिव्ह आली तरी स्लाईड करा म्हणावं, आणि स्लाईडवर मलेरिये असा रिपोर्ट आला आणि माणूस फणफणलेला असेल तर पीसीआरची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी ॲडमिट करून औषध सुरू करायचं. मावशीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, त्या बायका सांजवेळी ओढ्यावर जायच्या थांबल्या का रे मग, की पाणी घरात आलं? बऱ्याच गावांत आता पाणी आलंय म्हणतात, पण शेत अजून तिथेच आहे, रानाच्या कडेला, आणि काम संपायला सहा वाजतातच.